हुकुमातला विराम

दसऱ्यानंतर वाशी तालुक्यातून ऊसतोडीसाठी मुकादमांचे ट्रक निघतात. कोयते, भांडी, धान्याची पोती आणि शाळेच्या पटावरची मुलंही त्यात असतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरगं फडात उतरलं की वर्गात परतणं अवघड. संपादकांनी सैनिकी शाळांवर लिहायला सांगितलं, तेव्हा हीच मुलं डोळ्यांसमोर आली आणि मी जिल्ह्यातलंच तुळजापूर गाठलं.

साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ची, केंद्राची. पुढे १९९०च्या दशकात राज्य शासनाने जिल्ह्याला एक निवासी सैनिकी शाळा हे धोरण आखलं. तुळजापूरचं श्री तुळजाभवानी सैनिकी विद्यालय मंदिर संस्थान चालवतं. अशा शाळांचं उद्दिष्ट एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. आईबापांची इच्छा मात्र एवढीच, की पोरगं हाताबाहेर जाऊ नये.

मला गुंतवून ठेवलं कवायतीने. हुकूम दोन तुकड्यांत येतो. ‘दाहिने’ म्हणून उस्ताद थांबतात. काय करायचंय ते प्रत्येकाला कळलेलं असतं, पण ‘मूड’ कानावर पडेपर्यंत कुणी हलायचं नाही. उतावळा आधीच वळतो आणि साऱ्या रांगेत उघडा पडतो. मग पुन्हा पहिल्यापासून. मिनिटाला एकशेवीस पावलांची तेज चाल नंतर जमते. आधी जमावं लागतं ते हे थांबणं. रागाच्या भरात हात उचलणाऱ्या वयाला याहून मोलाचं शिक्षण मला सुचत नाही.

पण शिट्टी वाजायची थांबल्यावर काय? अमेरिकेत गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी लष्करी छावण्या निघाल्या. नुसत्या कवायतीने पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटलं नाही, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं. तिथल्याच नॅशनल गार्डने १९९३मध्ये शाळा सुटलेल्या मुलांसाठी वेगळी रचना केली : बावीस आठवडे निवास आणि नंतर वर्षभर पाठीशी एक जाणतं माणूस. तीन वर्षांनंतरही ही मुलं शिक्षणात आणि कमाईत पुढे होती.

आपल्याकडे बारावीनंतर मुलगा थेट गावी येतो. घरी कर्ज तेच, मुकादमाची उचल तीच. भरतीची वाट धरली तरी २०२२पासून अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. कायम होणार चौघांत फार तर एक. शिवाय ऊसतोड कामगाराचं मूल प्रवेशपरीक्षेच्या दिवसांत कारखान्यावर असतं, म्हणजे ज्याला शाळेची सर्वाधिक गरज तोच दाराबाहेर राहतो.

म्हणून प्रवेशपरीक्षा कारखान्यांच्या तळांवर न्यायला हवी. सैनिकी शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामागे वर्षभर एक माणूस नेमायला हवा आणि त्याचा पगार शासनाने द्यायला हवा. मैदानावर कमावलेला संयम गावात टिकवायचा, तर हा खर्च टाळता येणार नाही.