शेळीची लस गाईला कां?

पुण्याहून मुंबईकडे जातांना सोमाटणे फाट्यापासून जवळच मावळांतील शिरगांव आहे. साईमंदिरामुळें 'प्रतिशिर्डी' या नांवानें तें पुष्कळांस ठाऊक असेल. 2022 च्या सप्टेंबरांत मावळासह साऱ्या महाराष्ट्रांत गोठ्यांतून एकाच रोगाची धास्ती होती: लंपी. जनावरास ताप भरे, कातडीवर गांठी उठत, दूध आटे. सरकारनें गुरांचे बाजार बंद केले. मग लस आली ती शेळ्यांच्या देवीवरची! शेळीची लस गाईला कशी चालावी, अशी शंका श्रोत्यांपैकीं अनेकांस आली असेल. तिचें उत्तर विषाणूच्या पोटांत आहे.

लंपीचा विषाणु देवीच्या कुळांतला. त्याचा सारा जनुकसंच म्हणजे एक लांबलचक दुपदरी धागा. त्यावर चार रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला. 2001 सालीं हा मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचून प्रसिद्ध झाला. अक्षरांच्या जोड्या सुमारें 1 लक्ष 51 हजार भरल्या व त्यांत 156 जनुकें असावींत असें ठरलें. 'असावींत' म्हणण्याचें कारण, अक्षरें वाचलीं म्हणजे प्रत्येक शब्दाचा अर्थ लागतोच असें नाहीं.

या जनुकांची मांडणी मोठी पाहण्यासारखी आहे. धाग्याच्या मध्यभागीं विषाणूच्या रोजच्या संसाराचें सामान असतें: स्वतःची नक्कल काढणारीं, कवच घडविणारीं जनुकें. देवीच्या कुळांतील भावंडांत तीं बहुतांशीं त्याच क्रमानें आढळतात. दोन्ही टोकांकडे मात्र प्राण्याच्या शरीराशीं झुंजण्याचीं हत्यारें असतात, आणि भावंडांचे वेगळेपण तेथेंच दिसून येतें.

2002 सालीं मेंढ्यांच्या व शेळ्यांच्या देवीचे विषाणुहि असेच वाचून झाले. लंपीशीं त्यांचा मजकूर शेंकडा 97 जुळला! त्यांचीं सर्व जनुकें लंपीत सांपडलीं. उलट लंपीतलीं नऊ जनुकें त्यांच्या ठिकाणीं मोडकळीस आलेलीं होतीं. गाईंत शिरकाव करण्याचें कसब या नवांत असावें, असा संशोधकांचा तर्क आहे. कवच मात्र जवळजवळ एकच. म्हणून शेळीच्या विषाणूवर शिकलेलें गाईचें रक्त लंपीसहि ओळखतें. जेन्नरनें 1796 त गाईच्या देवीनें माणसाला वांचविलें, त्याच घरचा हा न्याय.

पुढें हिस्सार व इज्जतनगर येथील शास्त्रज्ञांनीं खुद्द लंपीच्याच विषाणूपासून 'लंपी-प्रोव्हॅक' ही लस तयार केली. प्रयोगशाळेंतील पेशींत विषाणु पिढ्यान्‌पिढ्या वाढवून त्यांनीं तो दुबळा केला. नंतर त्याचा धागा वाचून पाहतां, टोकाकडचा कांहीं मजकूर गळालेला आढळला. डिसेंबर 2022 मध्यें ही लस बनविण्याचा करार पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिति संस्थेशीं झाला. ती संस्था औंधला, म्हणजे शिरगांवाहून फार दूर नाहीं.