चमचाभर मातीत अख्खं जंगल

‘वीकएण्डला हरसूलला चाललेय,’ असा मेसेज ग्रुपवर टाकला आणि पहिलाच रिप्लाय आला, ‘का गं, काय केलंस?’ हरसूल म्हटलं की बहुतेकांना संभाजीनगरचा तुरुंगच आठवतो. माझं हरसूल वेगळं! नाशिकहून त्र्यंबकेश्वर गाठायचं आणि तिथून पश्चिमेला, गुजरातच्या हद्दीच्या दिशेने जात राहायचं. त्र्यंबकला उगम पावलेली गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघते. पण जरा पश्चिमेला सरकलं की पावसाचं पाणी दमणगंगेच्या खोऱ्यात उतरतं आणि थेट अरबी समुद्र गाठतं. साग, ऐन, भातखाचरं, उतारावर नागली-वरई. माझी आई या भागात एका आश्रमशाळेत शिकवायची. ती ज्यांच्या घरी भाड्याने राहायची, त्या मावशींकडेच आम्ही उतरलो.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती पुण्यात एका लॅबमध्ये पीएच.डी. करते. ट्रेकला जाताना आपण चिवडा, टॉर्च, पॉवरबँक भरतो. हिच्या बॅगेत ग्लोव्हज, मास्क, पाकीटबंद प्लास्टिकचे चमचे, नळ्या आणि बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा. ‘जंगलात जाऊन प्राणी बघायचे नाहीत?’ मी विचारलं. ‘नाही, माती बघायची,’ ती म्हणाली. मी मनात म्हटलं, गेला वीकएण्ड!

जूनचा शेवटचा आठवडा. दोन-चार चांगल्या सरी पडून गेलेल्या. तो वास तुम्हाला सांगायला नकोच. पण तो वास मातीचा नसतोच, हे मला त्या दिवशी कळलं. मातीतले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. म्हणजे पहिल्या पावसावर आपण जे स्टेटस टाकतो, ते एका जिवाणूचं कौतुक असतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे पृथ्वीवरच्या सुमारे ५९ टक्के प्रजाती मातीत राहतात. आपण मात्र ‘वाइल्डलाइफ’ म्हटलं की जिप्सीत बसून वाघ शोधतो.

आता मुद्द्याचं. प्रत्येक जीव जाता-येता काहीतरी सांडत असतो. केस, कातडीचे कण, लाळ, विष्ठा, परागकण. त्यात त्याचा डीएनए असतो. माती, पाणी, अगदी हवेतूनही तो वेगळा काढायचा आणि इथे कोण कोण येऊन गेलं ते ओळखायचं. याला म्हणतात पर्यावरणीय डीएनए, लॅबवाल्यांच्या भाषेत ई-डीएनए. २००३ साली सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतून मॅमथचा डीएनए मिळाला, तेव्हा याचा मोठा बोलबाला झाला. मग २०१२ मध्ये व्हिएतनामच्या जंगलातल्या २५ जळवा तपासल्या, तर त्यांपैकी २१ जणींच्या पोटात सस्तन प्राण्यांचा डीएनए निघाला. तोही क्वचितच नजरेला पडणाऱ्या सशाचा आणि हरणाचा! (पावसाळ्यात कोयनेला ट्रेक करून आलेल्या मंडळींनी आपल्या जळवा आठवाव्यात. त्यांच्या पोटात तुमचीही नोंद आहे.) २०२२ मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयातली नुसती हवा गाळून ४९ पृष्ठवंशी प्रजाती ओळखता आल्या. त्यात तळ्यातला एक इवलासा गप्पी मासासुद्धा होता. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी ओडिशातल्या चिल्का सरोवराच्या पाण्यावर असं काम केलंय. हरसूलच्या मातीवर असा सर्व्हे झालेला नाही. मैत्रिणीला फक्त हात बसवायचा होता, इतकंच. राखीव वनातली माती अशी उचलता येत नाही, परवानगी लागते. म्हणून मावशींच्या स्वतःच्या शेताच्या कडेला, बांधापलीकडे जी झाडं राखलेली आहेत, तिथल्या पाल्याखालची माती घ्यायची ठरली.

पण मुहूर्त लागायला वेळ लागला. कारण आदल्या रात्री मावशींनी गावठी कोंबडीचा रस्सा केला होता आणि मी सकाळी उरलेला ओरपून आले होते. ‘तू लांब उभी राहा,’ मैत्रीण ओरडली. ‘नाहीतर रिपोर्टमध्ये कोंबडी!’ हा विनोद नव्हता. या कामात माणूस, कोंबडी, बकरी, गाय यांचा डीएनए कुठूनही घुसतो. म्हणून दर खेपेला नवे ग्लोव्हज, नवा चमचा आणि एक रिकामी नळी. तिच्यात काहीच भरायचं नाही, पण तपासायची इतरांसारखीच. रिकाम्या नळीत कोंबडी सापडली तर समजायचं, घोटाळा आपला आहे.

एका जागी भागत नाही. सात-आठ ठिकाणची वरची माती चमचा-चमचा घेऊन एकत्र करायची. पुढे लॅबमध्ये त्यातला डीएनए धुऊन काढतात आणि त्याच्या एका ठरावीक तुकड्याच्या लाखो प्रती बनवतात. प्राण्यांसाठी एक तुकडा, कीटकांसाठी दुसरा, बुरशीसाठी तिसरा. सुपरमार्केटमधल्या वस्तूवरच्या बारकोडसारखा हा तुकडा मशीन वाचतं आणि जगभरच्या डेटाबेसमध्ये जुळतो का बघतं. जुळला तर नाव मिळतं.

आणि नाही जुळला तर?

इथेच खरी गंमत आहे, आणि दुखणंही. कुणीतरी आधी तो जीव पकडून, नीट ओळखून, त्याचा बारकोड नोंदवलेला असेल तरच मशीन नाव सांगणार. बिबट्या, रानडुक्कर, बकरी यांचं काही अडत नाही. पण पाल्याखालचे गोम-वाणी, कोळी, गांडुळं, तांबूस बुरश्या? सह्याद्रीतल्या यांच्यापैकी कितीतरींना अजून शास्त्रीय नावच नाही, मग बारकोड कुठला? अहो, त्र्यंबकच्या वाटेवरच्या अंजनेरीवर फुलणारी एक सेरोपेजिया शास्त्राला नवी म्हणून जाहीर झाली ती २००६ साली. चांगलं डोळ्यांना दिसणारं फुलझाड! मग पाचोळ्याखालच्यांना कोण विचारतो.

शिवाय नोंदच चुकीची असेल तर? रानपिंगळ्याची गोष्ट आठवते. खानदेशात १८८४ नंतर हा घुबडाचा भाऊबंद कुणाला खात्रीने दिसलाच नाही. म्युझियममध्ये मात्र एक नमुना होता, १९१४ साली गुजरातेत मिळालेला, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी गृहस्थांच्या नावावर. पामेला रासमुसेन यांनी शोधून काढलं, की तो नमुना म्युझियममधूनच चोरलेला आणि वर खोटं लेबल लावलेला! ते लेबल बाजूला ठेवून शोधल्यावर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा चक्क झाडावर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. डीएनएच्या डेटाबेसमध्येही चुकीची लेबलं असतात. मशीन ती तितक्याच आत्मविश्वासाने वाचून दाखवतं.

मैत्रीण हे सगळं सांगत माती भरत होती, तोवर मावशी पुढे जाऊन आमच्यासाठी बसून राहिल्या होत्या. त्यांच्या ओच्यात शेवळं जमली होती. ‘इथं रात्री डुकरं आली होती,’ उकरलेल्या जागेकडे बोट करत त्या म्हणाल्या. पुढे साळिंदराचा एक काटा उचलून माझ्या हातात दिला. एका ऐनाच्या बुंध्यावरचे ओरखडे दाखवून म्हणाल्या, ‘वाघ.’ इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. वाघबारशीला पूजा होते ती दोघांचीही. आमच्या नळ्या, बर्फ, चमचे, आणि त्यांच्याकडे नुसते डोळे! मी तसं म्हटलं तर मैत्रीण म्हणाली, ‘अगं, मला तेच हवंय. यांनी नाव सांगायचं, मी बारकोड काढायचा.’ पण मावशींना पाचोळ्यातल्या बारक्या किड्यांची नावं विचारली, तर त्या हसल्या. ‘त्याला काय नाव? किडाच तो.’ म्हणजे तिथे त्यांचं आणि मशीनचं सारखंच!

मग त्यांनी विचारलं, ‘या मातीत वाघ निघाला तर काय करणार?’

‘लिहून ठेवणार,’ मैत्रीण म्हणाली.

‘आणि मग पाला बंद?’

आम्ही गप्प. मला आधी प्रश्नच कळला नाही. उन्हाळ्याच्या शेवटी इकडे दाढ भाजतात. शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या डहाळ्या पसरून पेटवायच्या आणि त्या राखेत भाताचं, नागलीचं रोप टाकायचं. हाच तो राब. आम्ही गेलो तेव्हा त्या काळ्या तुकड्यांवर पोपटी रोप वर आलं होतं. तो पाला जंगलातून येतो. ज्या पाचोळ्याखालच्या जिवांची आम्ही यादी करायला निघालो होतो, तोच मावशींच्या भाताचा पहिला हप्ता. उद्या एखाद्या रिपोर्टने सांगितलं, की इथे बिबट्या आहे आणि अमुक इतक्या प्रजाती आहेत, तर त्या कागदाचं वजन कुणाच्या बाजूने पडणार? २००६ च्या वन हक्क कायद्याने गावांना जंगलावरचे हक्क दिलेत. पण ‘कायद्यात आहे’ आणि ‘मिळतं’ यातलं अंतर मावशींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि हा रिपोर्ट दिसतो तितका ठाम नसतो, हेही कुणीतरी त्यांना सांगायला हवं. बिबट्याचा डीएनए मिळाला म्हणजे बिबट्या किंवा त्याचा अंश इथवर पोचला, इतकंच. केव्हा, किती, चालत आला की वरच्या उतारावरून पावसाने वाहून आणला, हे माती सांगत नाही. थंड प्रदेशात डीएनए हजारो वर्षं टिकतो. २०२२ मध्ये ग्रीनलंडमध्ये तर २० लाख वर्षांपूर्वीचा मिळाला. आपल्या दमट गरम मातीत तो लवकर विरतो. म्हणजे ‘नाही सापडला’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. एक्सेल शीटमध्ये मात्र हे काही दिसत नाही. तिथे नाव असतं नाहीतर शून्य.

निघताना मावशींनी आपली पावलं उमटलेल्या मातीकडे बघून विचारलं, ‘यात मी पण आले का?’ आल्याच. २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतल्या पावलांच्या ठशांमधून माणसाचा डीएनए वेगळा काढून दाखवला, तो वाचण्याइतका स्पष्ट होता. त्यांना शोधायची होती कासवं. तेव्हापासून या मंडळींना एक नवीनच प्रश्न पडलाय, की जंगलाचा सर्व्हे करताना न विचारता माणसांचाही होतो, त्याचं करायचं काय? मैत्रिणीने सांगितलं, की माणसाचा तुकडा वाचला तरी बाजूला टाकतात. मावशी म्हणाल्या, ‘विचारलं असतं तर दिला असता की.’

दहा दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला. मातीतून काढलेला अर्क कडक चहासारखा तपकिरी निघाला होता. कुजलेल्या पाल्यातली आम्लं डीएनएसोबत उतरतात आणि प्रती बनवायची प्रक्रियाच बंद पाडतात. पहिल्या खेपेला असं होतंच म्हणे. आठही नळ्या फेल. रिकामी नळी तेवढी स्वच्छ निघाली, कोंबडी नव्हती!

मी मावशींना फोन करून सांगितलं, काहीच नाही निघालं. ‘वाघ पण नाही?’ नाही. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, वाघबारशीला या, तेव्हा माती कोरडी असते. आणि येताना आईलाही घेऊन ये.