गाभण गाईचा खुराक आणि आमचा चुकलेला हिशेब

आम्ही कापडाचे व्यापारी. पन्हा आणि पोत पाहिल्याशिवाय ताग्याला हात लावत नाही. पण दारातल्या गाभण गाईसाठी कॅल्शियमची बाटली घेताना ही सवय विसरलो. आपल्यातल्या अनेक कारागीर बंधूंच्या दारी एखादे दुभते जनावर असते, म्हणून हा तजुर्बा सांगतो.

आमची संकरित गाय चौथ्या वेताची. दुकानदाराच्या शब्दावर शेवटचे दोन महिने तिला रोज कॅल्शियम पाजले. व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बसली ती उठेना. कान गार, मान बरगडीकडे वळलेली. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले, तेव्हा उभी राहिली. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गार पडते.

इतके कॅल्शियम देऊनही ते कमी कसे पडले? कारण असे की व्याल्यावर चिकातून व दुधातून ते एकाएकी बाहेर जाते, आणि त्या वेळी हाडांतला साठा कामी यावा लागतो. भाकड काळात आयते कॅल्शियम मिळत राहिले तर हा साठा सोडण्याची शरीराची सवय सुस्त होते.

म्हणून हिशेब असा ठेवावा. व्यायच्या ६० दिवस आधी दूध आटवावे. गर्भाची बहुतेक वाढ याच काळात होते, म्हणून पेंड-भरडा थोडा वाढवावा. मात्र गाय लठ्ठ होऊ देऊ नये. खनिज मिश्रण साधारण ५० ग्रॅम रोज, पण भाकड काळात कोणते द्यावे ते डॉक्टरांना विचारावे. पिशवीवर भारतीय मानक ब्युरोचा आयएस १६६४ हा क्रमांक पाहावा.

व्याल्यावर कोमट पाणी, गूळ आणि कोंड्याची पातळ आंबील द्यावी. खुराक हळूहळू वाढवावा. वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजावा. वार १२ तासांत पडली नाही तर ओढू नये, डॉक्टरांना बोलवावे. खाली बसलेल्या, मलूल जनावराच्या तोंडात औषध ओतू नये, ते फुप्फुसात जाते.

बाटलीचे पैसे गेले, त्याची फिकीर नाही. गाय गेली असती तर घरचे दूध आणि पुढची सारी वेते गेली असती. माल पारखणाऱ्याने औषधही पारखूनच घ्यावे.