शुमादियाची श्लिवोवित्सा

सर्बियाच्या शुमादिया प्रांतात आणि त्याला लागून पश्चिमेकडे पसरलेल्या डोंगराळ मुलखात, ज्याच्या घरामागे आलुबुखाराची बाग नाही असा शेतकरी पूर्वी विरळाच आढळे. आणि त्या बागेच्या फळांपासून शरद ऋतूत गाळली जाणारी श्लिवोवित्सा पाहुण्याच्या स्वागताला, लग्नकार्याला, कुळाच्या संरक्षक संताच्या ‘स्लावा’ नामक वार्षिक उत्सवाला आणि अंत्यविधीलाही घरचीच असावी, यात यजमानाची इभ्रत सामावलेली असते. मृताच्या स्मरणार्थ प्याल्यातील थोडी मातीवर सांडून मगच ती ओठांना लावण्याची वहिवाट आहे.

या आसवाचे खरे मर्म धीरात आहे, असे मला वाटते. देठाजवळची साल सुरकुतू लागेपर्यंत फळ झाडावरच राहू देतात, कारण त्या अवधीत जी शर्करा साठते तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून. मग लाकडी पिंपांत त्याचा लगदा बाहेरून साखर न घालता काही आठवडे आंबत ठेवतात, आणि आठळ्या फुटून कडू बदामाचा उग्र वास उतरू नये म्हणून त्यांना जपतात. लगदा तयार झाला की ‘काझान’ म्हणजे तांब्याचे भांडे चुलीवर चढते, झाकणाचे सांधे कणकेने लिंपले जातात, आणि मंद आचेवर जी पहिली उतरते ती ‘मेका’, म्हणजे सौम्य, साधारण पंचवीस-तीस टक्के मद्यार्काची. तीच पुन्हा गाळली म्हणजे ‘प्रेपेचेनित्सा’ सिद्ध होते. आपल्याकडे पहिल्या धारेचे कौतुक फार. तेथे मात्र या दुसऱ्या खेपेची पहिली धार अपायकारक म्हणून बाजूस काढतात, शेवटची निस्तेज ‘पातोका’ वेगळी धरतात, आणि मधला भाग तेवढा ओक किंवा तुतीच्या पिंपात भरून वर्षानुवर्षे मुरवतात, तेव्हा तिला सोनेरी रंग चढतो. आच केव्हा ओढावी आणि धार केव्हा तोडावी, हे शेजारीपाजारी रात्र जागवीत काझानभोवती बसलेले असताना तरुणांनी वडीलधाऱ्यांच्या नाकाजिभेवरून शिकायचे असते.

मोराव्हियातील विझोवित्से, पोलंडमधील लोंत्स्को, बल्गेरियातील त्रोयान ही गावेही आपापल्या आलुबुखारी मद्यासाठी नावाजलेली आहेत, आणि लोंत्स्कोची तर 70 टक्के मद्यार्काची जहाल म्हणून ख्याती आहे. परंतु 2022 साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत दाखल केली ती सर्बियातील श्लिवोवित्सा, आणि त्या यादीत नोंद झाली ती हे मद्य करण्याच्या व वापरण्याच्या ज्ञानाची व रूढीची.

ज्ञान माणसांच्या स्मरणात टिकेल, पण झाडाचे काय? श्लिवोवित्सेची मूळ जात ‘पोझेगाचा’. तिच्या दाट, सुगंधी गराची थोरवी जाणकार आजही एकमुखाने गातात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बल्गेरियात ‘शार्का’ नावाचा विषाणुजन्य रोग प्रथम नजरेस आला. मावा आणि रोगट कलमे यांच्याद्वारे तो बाल्कन प्रदेशभर फैलावला, आणि एकदा जडला की त्या झाडाला उपाय नसल्याने पोझेगाचाच्या बागाच्या बागा उजाड झाल्या. चाचाक येथील फलसंशोधन संस्थेने, जिची स्थापना 1946 साली झाली, पोझेगाचाचा अमेरिकन ‘स्टॅन्ली’ जातीशी संकर करून ‘चाचान्स्का रोदना’ निर्माण केली. रोग सोसूनही भरघोस फळणाऱ्या अशा जातींवरच आता मोठ्या बागांची भिस्त आहे.