चव्वेचाळीस नंबरचा रस्ता आणि मागच्या सीटवरची मंडळी

श्रीनगरहून निघून कन्याकुमारीच्या समुद्रापाशी थांबणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हा देशातला सर्वांत लांब महामार्ग. लांबी पावणेचार हजार किलोमीटरच्या आसपास. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा अनेक जुने रस्ते जोडून हा एक सलग रस्ता कागदावर आला. वाराणसीहून कन्याकुमारीला जाणाऱ्या जुन्या ७ क्रमांकाच्या महामार्गाचा मोठा भागही त्यातच सामावला. नागपूर या रस्त्याच्या जवळपास मध्यावर येतं. महाराष्ट्रातल्या कुटुंबाला लहान मुलांसह हा देश आडव्या-उभ्या अंगाने पाहायचा असेल, तर याहून चांगला रस्ता शोधायला नको.

मात्र तो एका दमात संपवायचा हट्ट सोडावा. उत्तरेचा अर्धा भाग दिवाळीच्या सुटीत आणि दक्षिणेचा नाताळच्या किंवा जानेवारीतल्या सुटीत, अशी वाटणी मुलांना मानवते. हवामानही तेच सांगतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस असतो, तर डिसेंबर-जानेवारीत पंजाबपासून आग्र्यापर्यंत दाट धुकं. मे महिन्यात नागपूर आणि तेलंगण तापलेले असतात. गाडीचा एसी कितीही चांगला असला, तरी धाब्यावर उतरल्यावर चार वर्षांच्या पोराला ती झळ सोसवत नाही.

दिवसाला किती किलोमीटर? मोठी माणसं सहाशे-सातशे सहज म्हणतात. मुलं बरोबर असली की अडीचशे ते तीनशे पुरेत. सकाळी साडेपाच-सहाला अर्धवट झोपेतल्या मुलांना उचलून गाडीत ठेवायचं, नाश्त्यापर्यंत शंभर किलोमीटर मागे टाकायचे आणि दुपारी दोन-तीनला मुक्कामाला पोहोचायचं. उरलेला दिवस मुलांचा. दर दीड-दोन तासांनी थांबायचं ते चहासाठी नव्हे, पाय मोकळे करून चार उड्या मारण्यासाठी. शू लागली की मुलांना धीर धरवत नाही, म्हणून पुढचा पेट्रोल पंप किती दूर आहे हे चालकाच्या शेजारी बसलेल्याने आधीच पाहून ठेवावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. आपल्याकडे बाळ आईच्या मांडीवर असतं, पाच वर्षांचं मूल दोन सीटांच्या मधल्या जागेत उभं राहून समोरचा रस्ता बघतं, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. वाटायला हवं. गाडी जोरात आदळते त्या क्षणी मांडीवरच्या बाळाला कुणाचेही हात धरून ठेवू शकत नाहीत, आई कितीही सावध असली तरी. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित बांधलेलं नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. दंडाची भीती नसली तरी चालेल, पण बालआसन घ्यावंच. तान्ह्या बाळाचं आसन मागच्या सीटवर, तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे करून बसवायचं. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ते कधीही ठेवायचं नाही, कारण उघडणारी एअरबॅगच त्याला धोकादायक ठरते. पुढे वयाप्रमाणे आसन बदलतं. मोठ्यांचा पट्टा मुलाच्या गळ्यावरून न जाता खांद्यावरून जाईल इतकी उंची, म्हणजे साधारण १३५ ते १४५ सेंटिमीटर होईपर्यंत खाली बूस्टर लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत मोटारींना बालप्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी वेगळे तारे मिळतात. नवी गाडी घेताना रंगाआधी ते बघावेत.

दुसरी अडचण उलटीची. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी लागण्याचा त्रास सर्वांत जास्त होतो. आतल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय मेंदूला कळवतं की शरीर हलतं आहे, आणि पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणजे मूल गप्प बसावं म्हणून हाती दिलेला मोबाइलच घाटात उलटीला निमंत्रण देतो. त्यापेक्षा नजर समोर दूरवर, खिडकी जराशी उघडी आणि निघण्यापूर्वी तेलकट पुरी-भाजीऐवजी इडली किंवा पोळीचा तुकडा, हे उपाय जास्त कामाचे. औषध द्यायचंच असेल तर वयानुसार मात्रा बालरोगतज्ज्ञाकडूनच लिहून घ्यावी. क्षारसंजीवनीची पाकिटं, सुका खाऊ, कपड्यांचा एक जोड आणि तोंड बांधता येईल अशा पिशव्या हाताशी हव्यात, डिकीच्या तळाशी नकोत.

मोबाइल नाही, तर मुलांनी करायचं काय? या रस्त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. महामार्ग डझनभर राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतून जातो, त्यामुळे नंबरपाट्यांचा खेळ दिवसेंदिवस पुरतो. तेलंगणच्या नव्या गाड्यांवर मार्च २०२४ पासून ‘टीएस’ऐवजी ‘टीजी’ येतं, तेव्हा एकाच राज्याच्या दोन पाट्या शोधण्याची जादा गंमत. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. दुकानांवरची अक्षरं गुरुमुखीतून देवनागरीत, मग तेलुगू, कन्नड आणि तमिळमध्ये बदलत जातात. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलाला ही सर्वांत मोठी नवलाई वाटते. शिवाय नद्या. चंबळ, नर्मदा, पैनगंगा, गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा, कावेरी हा क्रम शाळेच्या नकाशावर पाठ करावा लागतो. इथे पूल आला की मुलं स्वतःच नाव विचारतात.

उत्तर टोकाला भुयारं आहेत. २०१७ साली खुला झालेला चेनानी-नाशरी बोगदा नऊ किलोमीटरहून लांब आहे आणि त्याने पत्नीटॉपचा वळणावळणांचा डोंगररस्ता वाचवला. पुढे पंजाब-हरियाणाच्या सपाटीवर वेग वाढतो. पानिपतजवळच्या काला आंब स्मारकापाशी मात्र मराठी कुटुंबाने थांबावंच. १७६१ ची लढाई आठ वर्षांच्या मुलाला सगळी कळणार नाही. पण आपली माणसं घरापासून इतक्या लांब, तेही पायी, घोड्यांवर आणि बैलगाड्यांतून आली होती, हे त्याला नेमकं कळतं, कारण ते अंतर त्याने स्वतः मोजलेलं असतं. झाशीचा किल्लाही असाच. पाठ्यपुस्तकातली राणी इथे तटबंदीच्या उंचीतून समजते.

धौलपूर आणि मुरैना यांच्या मध्ये चंबळ ओलांडावी लागते. तिच्या अभयारण्यात घडियाल म्हणजे लांब चिंचोळ्या जबड्याची सुसर आहे. मुरैनाजवळ देवरीला तिची पिल्लं वाढवून नदीत सोडण्याचं केंद्र आहे. मुलांचा तिथे तासभर सहज जातो.

आणि मग सिवनी. मोगलीची गोष्ट घडते ते हेच डोंगर. सिवनी आणि नागपूरच्या मध्ये महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो आणि इथे या प्रवासातली सर्वांत सुंदर गोष्ट पाहायला मिळते, म्हणजे खरं तर गाडीच्या चाकांखाली असते. चौपदरीकरणाने वाघांची ये-जा तुटेल म्हणून मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ताच उचलून त्याखालून जनावरांना वाट ठेवली गेली. अशा नऊ रचना आहेत, त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ प्रकारचे वन्य प्राणी त्या वाटेने जाताना टिपले गेले, त्यांत वाघही होता. मुलांना हे सांगितलं की गाडीत शांतता पसरते आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. आत्ता खाली वाघ असेल का? त्याला आपला आवाज येत असेल का? ध्वनी आणि उजेड अडवण्यासाठी बाजूला उभारलेले उंच पडदे त्यांना दाखवावेत.

नागपुरात झिरो माइलचा स्तंभ आणि त्याच्या भोवतीचे चार घोडे बघून दक्षिणेची वाट धरली की पैनगंगेनंतर तेलुगू पाट्या सुरू होतात. निर्मलला हलक्या लाकडाची रंगीत खेळणी मिळतात. प्लॅस्टिकच्या मोटारींपेक्षा ती मुलांना जास्त आवडतात. हैदराबादेत गोवळकोंड्याच्या दरवाजाखाली टाळी वाजवून ती वर किल्ल्याच्या माथ्यावर, बालाहिसारला ऐकू येते का, हा प्रयोग आई खाली, बाबा वर असा करून बघता येतो. बंगळूरच्या आधी महामार्ग सोडून थोडं वळलं की लेपाक्षीचं विजयनगरकालीन वीरभद्र मंदिर येतं. तिथला एक खांब जमिनीला जवळपास टेकतच नाही. त्याच्याखालून कापड सरकवण्यासाठी मुलांची रांग लागते. एकाच दगडातला प्रचंड नंदीही जवळच आहे.

तमिळनाडूत नामक्कलला ट्रकांचे सांगाडे बांधणारे कारखाने रस्त्यालगत दिसतात. मदुराईला मीनाक्षी मंदिर सकाळी लवकर करावं, म्हणजे फरशी तापण्याआधी लहान पाय फिरून होतात. कोविलपट्टीची शेंगदाण्याची चिक्की घ्यावी, तिला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालं. नंतर आरलवाइमोळी-मुप्पंदलच्या परिसरात पवनचक्क्यांचं रान लागतं. डोंगरांमधल्या खिंडीतून वारा इथे जोराने घुसतो.

कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारक आहे, ते १९७० साली पूर्ण झालं. त्यासाठी देशभर फिरून लहान-मोठ्या देणग्या जमवणारे एकनाथ रानडे मूळचे अमरावती जिल्ह्यातले. शेजारच्या खडकावरचा तिरुवळ्ळुवरांचा पुतळा चौथऱ्यासह १३३ फूट उंच आहे, कारण ‘तिरुक्कुरळ’चे अध्याय १३३. पूर्वी त्या खडकापर्यंत होडी समुद्र शांत असेल तेव्हाच जाई. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही खडकांमध्ये काचेचा पूल झाला, तेव्हापासून मुलांना पायीच पलीकडे नेता येतं. शिलास्मारकाकडे नेणाऱ्या होडीची रांग लांब असते, म्हणून पहिली फेरी गाठावी आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात.

परतीसाठी तोच रस्ता धरायची गरज नाही. कन्याकुमारीलाच राष्ट्रीय महामार्ग ६६ संपतो, आणि त्याचं दुसरं टोक आहे पनवेल. केरळ, कर्नाटकचा किनारा, गोवा आणि कोकण असं सोळाशे किलोमीटरच्या आसपास जाणारा हा रस्ता समुद्राच्या बाजूने घरी आणतो. केरळात वस्ती दाट असल्याने वेग कमी पडतो, कोकणात काही ठिकाणी रुंदीकरण रेंगाळलं आहे, तेव्हा दिवसाचं गणित अडीचशेवरून दोनशे किलोमीटरवर आणावं आणि गोव्याचा मुक्काम एका रात्रीऐवजी दोन रात्रींचा ठेवावा.