यंत्रांची देखभाल : हाताने भरलेला आकडा

मागच्या लेखात हातात धरून फिरवायच्या कंपमापकाची ओळख झाली. बेअरिंगवर सेन्सर टेकवला की कंपाचा वेग तो मिलिमीटर प्रतिसेकंदात आपोआप टिपतो. पण फेरीत काही ठिकाणी तो आपल्यालाच आकडा विचारतो : गेजवरचा दाब, मोटरचे अँपिअर, बेअरिंगचं आणि भोवतालचं तापमान. पाळी घाईची असली की याच जागा मोकळ्या राहतात, कारण त्या दुय्यम समजल्या जातात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे : आपोआप टिपलेल्या आकड्याचा अर्थ लागतो तो या हाताने भरलेल्या आकड्यांमुळेच.

झाशी जिल्ह्यात बेतवाकाठी पारीछा औष्णिक वीजकेंद्र आहे. 1980च्या दशकात सुरू झालेलं, पुढे 210 आणि 250 मेगावॉटच्या संचांनी वाढलेलं. कोळशावरच्या अशा केंद्रात बॉयलरमधला धूर ओढून चिमणीकडे लोटणारे प्रचंड पंखे असतात. आपल्या कोळशात राख फार, अनेकदा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. गाळणीतून निसटलेली राख पंख्याची पाती खरवडते, झीज सगळीकडे सारखी होत नाही, तोल बिघडतो आणि कंप चढतो. समजा, तो 3 वरून 5 वर गेला. पक्क्या पायावरच्या मोठ्या यंत्रांना आयएसओच्या मानकात 4.5 पर्यंत दीर्घकाळ चालू ठेवायची मुभा आहे, 7.1 च्या पुढे नुकसानीचा धोका. मग पंखा थांबवायचा का? संच किती भारावर होता, प्रवाह कमीजास्त करणारा डॅम्पर किती उघडा होता, मोटर किती अँपिअर घेत होती, हे नोंदलेलं नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही. डॅम्पर बराचसा मिटलेला असला की प्रवाह विस्कटतो आणि धडधाकट पंखाही थरथरू शकतो. भार तोच, अँपिअर तेच आणि तरीही कंप वाढला, तर मात्र पाती तपासावीच लागतात. तापमानाचंही तसंच. बेअरिंग 75 अंशांवर आहे. मे महिन्यात झाशीचा पारा 45 वर असेल तर वाढ 30 अंशांची, जानेवारीतल्या 10 अंशांच्या सकाळी तीच 65 ची. (थंडीत वंगणही घट्ट होतं, म्हणून ही वजाबाकी अगदी काटेकोर नाही, पण दुपटीहून मोठा फरक त्याने पुसला जात नाही.)

यावर आक्षेप येतो, की माणूस चुकतो. खरंच चुकतो : दशांशचिन्ह सरकतं, आणि मेगापास्कलचा गेज किलो प्रति चौरस सेंटिमीटर समजून वाचला तर दाब सुमारे दहापट कमी नोंदला जातो. त्याहून वाईट म्हणजे, शिडी न चढता मागचाच आकडा पुन्हा भरला जातो. उपाय उपकरणातच करता येतो. प्रत्येक जागेला एकक आणि शक्य तेवढी मर्यादा ठरवून द्यावी, मर्यादेबाहेरचा आकडा आला तर उपकरणाने पुन्हा विचारावं, आणि मागचं रीडिंग नवं भरल्यानंतरच दिसावं. सगळीकडे कायमचे सेन्सर बसवा, हा दुसरा आक्षेप टर्बाइनपुरता रास्त आहे, आणि तिथे ते असतातच. पण शेकडो लहान पंपांपर्यंत तारा ओढणं क्वचितच परवडतं. शिवाय सीलमधून टपकणारं तेल कंपाच्या सेन्सरला दिसत नाही.

एक नोंद मात्र कधीच टाळू नये : यंत्र बंद होतं, ही. त्या जागी शून्य भरलं तर आलेख खाली कोसळतो, सरासरी खोटी उतरते आणि पुढच्या आठवड्याचं खरं रीडिंग अचानक उसळल्यासारखं दिसतं.