दाव्यातल्या शब्दावरून पेटंट नाकारले तर?

समजा, पुण्यातल्या कसबा पेठेच्या तांबट आळीतल्या कारागिराने मठारकामासाठी, म्हणजे भांड्यावर ठोके देण्याच्या कामासाठी, नवे यंत्र घडवले. दाव्यात, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या अर्जाच्या भागात, त्याने ‘भांड्यावर ठोके देणारे साधन’ एवढेच लिहिले, तर साधा हातोडाही त्यात बसतो आणि नावीन्य नाकारले जाते. ‘ठोक्यांमधले अंतर आपोआप राखणारे’ हा गाभा दाव्यातच हवा. नुसत्या वर्णनात असून भागत नाही.

● उत्तर : पेटंट कार्यालयाचे आक्षेप मांडणाऱ्या पहिल्या परीक्षण अहवालाला सहा महिन्यांत. वादाचा शब्द अर्जाच्या तपशिलात कुठे, कोणत्या अर्थाने आला आहे ते परिच्छेदासह दाखवा. प्रतिकूल निर्णयाआधी सुनावणीचा हक्क असतो. तो सोडू नका.

● दुरुस्ती : पेटंट कायद्याच्या कलम 59 नुसार दावा अधिक नेमका करता येतो, पण मूळ अर्जात नसलेले नवे काही घालता येत नाही.

● फेरविचार : कलम 77 खाली, निर्णय कळल्यापासून एका महिन्यात.

● अपील : कलम 117अ खाली, तीन महिन्यांत. बौद्धिक संपदा अपील मंडळ एप्रिल 2021 मध्ये बरखास्त झाल्यापासून अपील उच्च न्यायालयात चालते. पुण्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, म्हणून अपील मुंबई उच्च न्यायालयात.

● दाखला : ‘निप्पॉन ए अँड एल’ प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये, पेटंट मिळण्यापूर्वीच्या दुरुस्त्यांकडे उदारपणे पाहावे, असा निर्वाळा दिला.

छोट्या कारागिराने मसुद्याच्या वेळीच जाणकार पेटंट एजंट गाठावा. अपिलात नवा दावा नव्हे, लिहिलेल्या दाव्याचा अर्थ लढवायचा असतो.